साधं पाणीही झोंबतंय? त्वचेचा संरक्षक थर सावरायची पद्धत

डिसेंबरात निफाडचा पारा ५ अंशांच्या खाली गेल्याची बातमी आली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर ठरलेलं गिऱ्हाईक सुरू होतं. "भाऊ, रोजचंच क्रीम आहे, पण हल्ली लावलं की चेहरा नुसता भाजतो. जरा भारीतलं काही आहे का?" भारीतलं असतंच, आणि विकायला माझी काही हरकत नाही. पण आधी मी विचारतो की सध्या चेहऱ्याला काय काय लागतं. मग बोटं मोजणं सुरू होतं. सकाळचा फेसवॉश, टोनर, व्हिटॅमिन सी, रात्रीचं रेटिनॉल, आठवड्यातून दोनदा स्क्रब, रविवारी मुलतानी माती आणि कुणीतरी सांगितलं म्हणून मधूनच लिंबू. एका हाताची बोटं पुरत नाहीत.

अशा चेहऱ्याला आठवी वस्तू नको असते, या सातातल्या पाच काढायच्या असतात. त्वचा स्वतःला दुरुस्त करत असते. आपण फक्त तिच्या मध्ये मध्ये येणं थांबवायचं आणि नाशिकचं पाणी, हवा आणि आपलं रोजचं काम यांच्यापासून तिला थोडा आडोसा द्यायचा. ते कसं, हे पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यांसाठी क्रमाने सांगतो.

बिघडतं ते नेमकं काय

त्वचेच्या अगदी वरच्या थरात मेलेल्या, चपट्या पेशींचे साधारण १५ ते २० पापुद्रे एकावर एक असतात. सगळे मिळून वहीच्या एका कागदाइतकेही जाड भरत नाहीत. या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली चरबी म्हणजे चुना, असं समजा. त्या चरबीत सुमारे निम्मा वाटा सिरामाइड्सचा, पाव वाटा कोलेस्टेरॉलचा आणि उरलेल्यात मुख्यतः फॅटी ॲसिड्स. आहारातल्या कोलेस्टेरॉलशी याचा संबंध लावू नका, त्वचा हे स्वतःचं स्वतः बनवते. पेशींच्या आत युरिया, लॅक्टिक ॲसिड, अमिनो आम्लं असे पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात.

हा थर किंचित आंबट असतो. त्याचा पीएच, म्हणजे आंबट-क्षारीपणाचं माप (७ च्या खाली आंबट, वर क्षारी), साधारण ४.५ ते ५.५ असतो आणि चरबी तयार करणारी यंत्रणा त्याच आंबटपणात नीट चालते. नेहमीच्या साबणाचा पीएच ९ ते १०. एकदा साबण लावला म्हणून काही होत नाही, त्वचा काही तासांत पुन्हा मूळ पदावर येते. पण दिवसातून चार वेळा साबण, वर कडकडीत पाणी, वर घासणं असं रोज चाललं की चरबी धुऊन जाते, पेशींमध्ये फटी पडतात, आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं जे आत जायला नको ते आत जाऊ लागतं. फटीतून आत गेलेली गोष्ट मज्जातंतूंच्या टोकांना लागते म्हणून झोंबतं. महिन्याभरापूर्वी ज्या क्रीमने काहीच होत नव्हतं, तेच आता भाजायला लागतं ते यामुळे. क्रीम बदललेलं नसतं.

हा वरचा थर साधारण दोन आठवड्यांत नवा होतो. एखाद्या दिवसाच्या चुकीची भरपाई काही दिवसांत होते. महिनोन्‌महिने चाललेल्या छळाला चार आठवडे तरी द्यावे लागतात, वय पन्नाशीपुढे असेल तर त्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून नवी ट्यूब घ्यायला येऊ नका.

पायरी १: हेच आहे ना, ते बघा

सकाळी नुसत्या पाण्याने तोंड धुवा, टिपून घ्या आणि अर्धा तास काहीही लावू नका. गाल ओढल्यासारखे वाटले, हसताना कातडी ताणली, नाकाच्या कडेला पापुद्रे दिसले, तर थर दुखावलेला आहे. कपाळ तेलकट आणि तरीही चेहरा ताणलेला, हेही त्याचंच लक्षण. असे लोक "माझी स्किन ऑयली आहे" म्हणून आणखी कडक फेसवॉश वापरतात आणि खड्ड्यात जातात.

इंटरनेटवरच्या फोटोंत दाखवतात तशी लालबुंद त्वचा आपल्याकडे शोधत बसू नका. सावळ्या-गव्हाळ रंगावर लाली सहसा दिसत नाही, ती काळपट, तपकिरी किंवा राखाडी छटा होऊन दिसते. हाताला गरम लागणं, खरखरीत लागणं आणि झोंबणं यावर जास्त भरवसा ठेवा.

आता जे हे *नाही*, त्याबद्दल. गोल चट्टा, कडा उठावदार आणि मधला भाग बरा झाल्यासारखा, शिवाय जांघेत किंवा कमरेला खाज, तर ते गजकर्ण असण्याची शक्यता जास्त. त्यावर मॉइश्चरायझर लावून काही होणार नाही. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, कमरेला रात्री खाज सुटते आणि घरातले इतरही खाजवतात, तर खरूज. पापण्या, मान आणि कोपराची लवण इथेच सुजतं-खाजतं आणि मळ्यात किंवा मोकळ्या प्लॉटच्या बाजूला गेलं की वाढतं, तर गाजर गवताची ॲलर्जी डोक्यात ठेवा. हे गवत पुण्याच्या आसपास १९५०च्या दशकात पहिल्यांदा नजरेत आलं आणि आज नाशिकच्या कोणत्याही रिकाम्या प्लॉटवर कंबरभर वाढलेलं दिसतं. त्याचे बारीक कण हवेतून येतात, हात लावायलाच लागतो असं नाही. या तिन्ही गोष्टींना डॉक्टर लागतो.

पायरी २: त्या ट्यूबचा निकाल लावा

ही पायरी बहुतेक ठिकाणी सांगतच नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो.

काउंटरवर येऊन आवाज खाली करून मागितली जाणारी एक ट्यूब असते. पंधरा ग्रॅमची, बोटाएवढी. मावशीने सांगितली, पार्लरवालीने सांगितली, लग्न ठरलंय म्हणून वहिनीने दिली. ती उलटी करून बारीक अक्षरात काय छापलंय ते बघा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन अशी नावं असतील तर ती डागांवरची तिहेरी ट्यूब. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांपुरती वापरायची असते, वर्षानुवर्षं फेस क्रीम म्हणून नाही. वेष्टनावर उभी लाल रेघ असते, ती चिठ्ठीशिवाय देऊ-घेऊ नये म्हणून. २०१८ साली केंद्र सरकारने अशा बऱ्याच स्टेरॉइड क्रीम्सवर चिठ्ठीची सक्ती केली. ती सगळीकडे पाळली जाते असं मी म्हणणार नाही, माझ्याच धंद्यातल्या लोकांना मी ओळखतो.

स्टेरॉइड वाईट औषध नाही. इसबाला, सोरायसिसला, किड्याच्या चाव्याला डॉक्टर ते देतात आणि ते उत्तम काम करतं. पण चेहऱ्यावर रोज लावलं की पहिल्या आठवड्यात चेहरा उजळ आणि मऊ होतो, माणूस खूश. पुढे कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुळ्या येतात, गालावर लव वाढते आणि उन्हात पाऊल टाकलं की आग होते. मग घाबरून ट्यूब बंद केली की दोन-तीन दिवसांत चेहरा सुजून पेटतो आणि परत लावली की शांत होतो. झालं, अडकले! गजकर्णावर लावलं तर खाज थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते.

अशी ट्यूब महिन्यापेक्षा जास्त चेहऱ्याला लागत असेल, तर पुढच्या पायऱ्या एकट्याने करू नका. त्वचारोगतज्ज्ञ ती टप्प्याटप्प्याने कशी उतरवायची ते सांगतील. सावरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. आणि ज्या डबीवर घटकांची यादीच नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, फक्त गोऱ्या बाईचा फोटो आहे, ती थेट कचऱ्यात. अशा क्रीम्समध्ये पारा सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि पारा मूत्रपिंडाला भिडतो.

पायरी ३: बाकीचं सगळं चार आठवडे बंद

रेटिनॉल, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, व्हिटॅमिन सी, टोनर, स्क्रब, पील, शीट मास्क, सगळं एका पिशवीत घालून कपाटात वर ठेवा. मुरमांसाठी डॉक्टरांनी दिलेलं काही असेल तर फोन करून विचारा, परस्पर बंद करू नका.

घरगुती गोष्टींनाही हेच लागू. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास. तो लावून उन्हात गेलं तर चटका बसल्यासारखे फोड येऊन मागे काळे डाग राहतात. खाण्याचा सोडा उलट्या टोकाचा, क्षारी. टूथपेस्ट दातांसाठी असते. मुलतानी माती सुकताना त्वचेतलं होतं नव्हतं तेवढं ओढून घेते, धडधाकट तेलकट चेहऱ्याला ती चालेल, आत्ता नाही.

उटण्याबद्दल विचारलं की लोक दुखावतात. दिवाळीला एक दिवस तेल लावून, उटणं लावून आंघोळ केल्याने कुणाचं काही बिघडत नाही, आधी तेल चोळायची पद्धत तर शहाणपणाचीच आहे. पण त्याच पुडीने वर्षभर रोज चेहरा घासणं म्हणजे खरखरीत पावडरीने फटी रुंद करणं. त्यातून उटण्यात बावची असेल तर जास्त जपा, तिच्यातल्या सोरालेनमुळे उन्हात त्वचा भाजते. आंघोळीची घासणी, लूफा आणि पाठीला लावायचा दगड यांनाही सुट्टी द्या. वजरी फक्त टाचेसाठी, आणि तीही हलक्या हाताने.

पायरी ४: पाणी आणि साबण

थंडीत नाशिककराला अंगातून वाफा निघेपर्यंत आंघोळ लागते, हे मला ठाऊक आहे. तरी पाणी मनगटावर घेऊन बघा. सुखद लागलं पाहिजे, "हाय हाय" व्हायला नको. आंघोळ ५ ते १० मिनिटांत उरका. साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यालाच पुरतो. दंडांना, पोटऱ्यांना रोज साबण लावायची गरज नसते, आणि थंडीत सगळ्यात आधी पोटऱ्याच पांढऱ्या पडून खाजतात ते याच कारणाने.

पाणी कुठलं आहे हेही महत्त्वाचं. गंगापूर धरणातून महापालिकेच्या नळाला येणारं पाणी एक, आणि शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांत बोअर आणि टँकरवर चालतं ते दुसरं. आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड, म्हणजे क्षारांचं असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो का, गिझरची कॉइल लवकर जाते का, साबणाला फेस यायला वेळ लागतो का, बघा. जड पाण्यात साबण मिसळला की चिकट साका तयार होतो आणि तो त्वचेवर बसून राहतो. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसेल, जडपणा जाणार नाही. शॉवरला लावायचे छोटे फिल्टरही बहुतेक गाळ आणि क्लोरीनपुरते असतात. सोपा उपाय असा: साबण कमीत कमी वापरा आणि चेहऱ्यावर शेवटचे दोन तांबे नळाचं किंवा उकळून गार केलेलं, वरचं निवळ पाणी घ्या. उकळल्याने जडपणातला काही भाग तळाशी बसतो.

साबणाच्या वेष्टनावर टीएफएम, म्हणजे साबणातल्या चरबीचं प्रमाण, ७६ टक्के किंवा वर असेल तर तो पहिल्या श्रेणीचा साबण. पण पहिल्या श्रेणीचा साबणही क्षारीच असतो. दुखावलेल्या त्वचेसाठी 'सोप-फ्री' किंवा सिन्डेट प्रकारची वडी किंवा लोशन घ्या, ज्यावर पीएच ५.५ लिहिलेलं असतं. याचा फेस कमी येतो आणि "स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही" अशी तक्रार घेऊन लोक परत येतात. करकरीत वाटणं म्हणजे चरबी गेली. ते वाटायलाच नको. चेहऱ्याला दिवसातून एकदा, रात्री, एवढं पुरे. सकाळी नुसतं पाणी.

पायरी ५: मॉइश्चरायझर, पण भरपूर आणि वेळेवर

डबीवरची यादी वाचताना तीन कामं करणारे घटक शोधा. पाणी धरून ठेवणारे: ग्लिसरीन, हायलुरॉनिक ॲसिड, कमी प्रमाणातला युरिया. फटी भरणारे: सिरामाइड, कोलेस्टेरॉल, स्क्वालेन. वरून झाकणारे: पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन, डायमेथिकोन. तिन्ही मिळून असलेलं, वास नसलेलं क्रीम सगळ्यात बरं. यादीत परफ्यूम, फ्रॅग्रन्स, लिनॅलूल, लिमोनीन दिसलं तर चार आठवडे तरी ते नको. "हर्बल" लिहिलं म्हणून सौम्य असं काही नाही.

नुसतं ग्लिसरीन आणि गुलाबपाणी ही आज्ज्यांची जोडी जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात पुरत नाही. ग्लिसरीन पाणी ओढतं, हवेत ओल नसेल तर ते पाणी तुमच्याच त्वचेतून येतं आणि उडून जातं. वरून झाकण हवं.

लावायची वेळ: आंघोळीनंतर, टॉवेलने टिपून, अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत. केस वाळवून, चहा पिऊन, मग लावलं तर निम्मा उपयोग गेला.

किती लावायचं, इथे बहुतेकांचा हात आखडतो. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते. चेहरा आणि मान मिळून अशा अडीच रेघा लागतात. सगळ्या अंगाला एका वेळी सुमारे २० ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅमची महागडी ट्यूब अंगाला पाच वेळात संपली! म्हणून मी सांगतो की चेहऱ्याला हवं तर चांगलं सिरामाइडचं घ्या, अंगाला मोठ्या डब्यातलं साधं, बिनवासाचं लोशन घ्या आणि वरून पेट्रोलियम जेली. ही जेली त्वचेतून उडणारं पाणी ९८ टक्क्यांपर्यंत रोखते, स्वस्त आहे आणि जवळपास कुणालाच झोंबत नाही. मुरमं येणाऱ्यांनी चेहरा सोडून इतरत्र लावावी.

चांगलं क्रीमही पहिले काही दिवस मिनिटभर चुरचुरू शकतं. पाच मिनिटांनंतरही आग होत असेल तर धुऊन टाका आणि काही दिवस फक्त जेलीवर राहा. नवीन क्रीम थेट तोंडाला लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा.

तेलाचं विचाराल तर खोबरेल अंगाला उत्तम, लहान मुलांनाही चालतं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र हा थर आणखी सैल करतं, "मसाजचं इम्पोर्टेड तेल" म्हणून बाळाला ऑलिव्ह चोळणाऱ्यांनी हे ऐकावं. सूर्यफुलाच्या आणि करडईच्या तेलात लिनोलेइक ॲसिड भरपूर असतं, जे त्वचेला सिरामाइड बनवायला लागतं. करडई आपल्याकडचीच आहे, पण तिला कुणी बाटलीत भरून ब्रँड करत नाही तोवर ती कुणी लावणार नाही. डोक्यात कोंडा असेल तर कपाळावर, भुवयांत, नाकाच्या कडेला कुठलंच तेल नको. कोंड्याची बुरशी तेलावरच वाढते.

पायरी ६: ऊन आणि स्कार्फ

दुखावलेल्या त्वचेवर ऊन पडलं की डाग पक्के होतात. एसपीएफ ३० किंवा वर, शक्यतो झिंक ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्या, ते कमी झोंबतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांबीभर काढाल तेवढं चेहऱ्याला आणि मानेला.

दुपारी गंगापूर रोडने स्कूटीवर जाणाऱ्या मुलीचे फक्त डोळे दिसतात. स्कार्फ, सनकोट, हातमोजे, अगदी चोख बंदोबस्त. पण तो स्कार्फ बघा एकदा. पॉलिस्टरचा, डिकीत गुंडाळलेला, आठवडाभर न धुतलेला, नाकापाशी कडक झालेला. धुतलाच तर पावडर नीट निघत नाही आणि तीच दिवसभर गालांवर घासते. सुती स्कार्फ घ्या, दोन-तीन ठेवा, एक दिवसाआड धुवा आणि साध्या पाण्यातून एकदा जास्त काढा. हनुवटीवरच्या बारीक पुळ्या केवळ एवढ्यानेही कमी होतात.

पायरी ७: हातांचं काय

चेहऱ्याचे लाड होतात, हात वाऱ्यावर. नाशिक जिल्ह्यात तर हातांचे हाल कामानेच होतात.

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीला पेस्टिंग करतात, काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून. त्यातलं हायड्रोजन सायनामाइड कातडी अक्षरशः जाळतं. फडक्याने किंवा कापडी मोजा घालून लावताना ते कापड भिजतं आणि औषध तासन्‌तास हाताला चिकटून राहतं, हे उघड्या हातांपेक्षाही वाईट. रबरी किंवा नायट्राइलचे लांब मोजे, पूर्ण बाह्या आणि डोळ्यांना चष्मा लागतोच. अंगावर उडालं तर काम संपायची वाट न बघता लगेच भरपूर पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. त्या दिवसांत दारू अजिबात नको, या औषधावर दारू गेली की चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या, श्वास लागणं असे प्रकार होतात. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद आणि चुना, गंधकाची पावडर, यांनीही हात फाटतात. "दादा, आधी व्हॅसलीन चोळून गेलं तर चालेल ना?" असं विचारतात. चालणार नाही. जेलीचा थर औषध अडवत नाही, मोज्याचं काम मोजाच करतो. कामावरून आल्यावर धुऊन मग लावा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कूलंटमध्ये, म्हणजे मशीन गार ठेवणाऱ्या द्रवात, हात घालणाऱ्यांचं दुखणं वेगळं. कूलंटने होतं त्याहून जास्त नुकसान संध्याकाळी हात थिनरने किंवा रॉकेलने पुसल्याने होतं. शिवाय हात पुसायच्या सुताच्या गुंत्यात, कॉटन वेस्टमध्ये, धातूचा बारीक चुरा अडकलेला असतो, तो कातडीत ओरखडे काढतो. लिक्विड हँडवॉश, कोमट पाणी, स्वच्छ फडकं आणि खिशात क्रीमची छोटी ट्यूब. सुट्टीच्या दिवशी हात बरे होतात आणि सोमवारी परत फाटतात असं होत असेल तर कंपनीच्या डॉक्टरांना दाखवा आणि नोंद करून ठेवा.

घरी भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी असे दुहेरी मोजे घाला. नुसत्या रबरी मोज्यात घाम साचून उलटंच होतं. टाचांच्या भेगांना रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय, टिपून १० ते २० टक्के युरियाचं क्रीम, वर सुती पायमोजे. मधुमेह असेल तर वजरी, ब्लेड काहीही चालवू नका, भेगेतून जंतू गेला तर प्रकरण पावलावर जातं.

चार आठवडे झाल्यावर

साधारण असं होतं. पहिल्या आठवड्यात झोंबणं उतरतं, दुसऱ्यात पापुद्रे जातात, चौथ्याच्या शेवटी सकाळची ती अर्ध्या तासाची चाचणी कंटाळवाणी वाटते, म्हणजे काहीच होत नाही. काळे डाग मात्र महिने घेतात, त्यांची घाई केली की पुन्हा त्याच पिशवीकडे हात जातो.

वरची पिशवी खाली काढायची असेल तर एका वेळी एकच बाटली, आठवड्यातून दोन रात्री, आणि दोन आठवडे काही झालं नाही तरच पुढची. सुरुवात २ ते ५ टक्के नायसिनामाइडने (व्हिटॅमिन बी-३ चा एक प्रकार) करा, ते सिरामाइड बनवायला मदत करतं. १० टक्क्यांचं घेतलं म्हणजे दुप्पट फायदा होतो असं नाही, काहींना तेच झोंबतं. स्क्रब परत सुरू करायची गरज मला तरी कुणाला पडलेली दिसली नाही.

ऋतूप्रमाणे बदल करावाच लागतो. मार्च ते मे दुपारची हवा कोरडी असतेच, पण घामही येतो, तेव्हा जाड क्रीम रात्री आणि हलकं लोशन दिवसा. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडचे लोक ओलसर कपडे अंगावर वाळवतात आणि बुरशीला आमंत्रण देतात. त्या दिवसांत जांघा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, तिथे क्रीम नको. दिवाळीनंतर वारा फिरला की पुन्हा जाड डबा काढा, पोटऱ्या पांढऱ्या पडायची वाट बघू नका.

डॉक्टरांकडे कधी

पाणी सुटतंय, पिवळी खपली धरतेय, ताप आहे, पापण्या सुजल्यात, झपाट्याने पसरतंय, बाळ वर्षाच्या आतलं आहे, तर चार आठवडे थांबूच नका. हे काही नसेल आणि सगळं नीट करूनही महिन्याने फरक नसेल, तरी जा. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये किंवा आडगावच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग विचारा. खासगीत जायचं तर पाटीवर त्वचारोगातली पदवी आहे का ते वाचा: एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल. 'स्किन क्लिनिक' अशी पाटी पार्लरलाही लावता येते.

जाताना चेहऱ्याला काहीही न लावता जा, आणि गेल्या सहा महिन्यांत लावलेली प्रत्येक ट्यूब, डबी, पुडी, संपलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. "एक पांढरी ट्यूब होती, हिरवं झाकण होतं" एवढ्यावर डॉक्टरला काही कळत नाही. मावशीने दिलेली ती पंधरा ग्रॅमची तर आठवणीने न्या.